भंडारा सेन्सरवर बसला असेल तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोमवती अमावस्येला जेजुरीत पालखीचे फोटो काढले. फुलफ्रेम मिररलेस कॅमेरा, सोबत २४-१०५ आणि ७०-२०० अशा दोन लेन्स. गडाच्या पायऱ्यांवर आणि खाली कऱ्हेकाठी लेन्स बदलल्या. घरी आल्यावर एफ ११ आणि एफ १६ ला, म्हणजे लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) लहान ठेवून, काढलेल्या फोटोंत आकाशावर राखाडी ठिपके दिसले, छिद्र मोठं असलेल्या एफ ४ च्या फोटोंत मात्र काहीच नाही. व्हिडिओ पाहून ओले स्वॅब, म्हणजे सेन्सर पुसायच्या दांडीच्या पट्ट्या, मागवले आहेत. सेन्सर घरी साफ करावा का?

करावा. पण स्वॅबचं पाकीट आत्ता फोडू नका. एरवी सह्याद्रीतली माती, घरातली धूळ किंवा कपड्याचा धागा असता तर मी इतकं ठासून सांगितलं नसतं. तुमच्या कॅमेऱ्यात भंडारा, म्हणजे उधळलेली हळद, गेलेली असण्याची शक्यता आहे आणि हळदीला ओल्या स्वॅबने हात लावणं हे शेवटचं काम आहे, पहिलं नव्हे.

हळदीचा पिवळा रंग ज्या कर्क्युमिनमुळे येतो ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये मात्र सहज विरघळतं. सेन्सर साफ करायचे बरेच द्रव मिथेनॉल किंवा तत्सम अल्कोहोलचे असतात, कारण ते डाग न ठेवता चटकन उडून जातात. आता कल्पना करा, काचेवर हळदीचे पाचपन्नास कोरडे कण आहेत आणि तुम्ही त्यावरून अल्कोहोलने भिजलेली पट्टी ओढली. कण काही प्रमाणात विरघळतात, रंग पसरतो, द्रव उडून जातो आणि मागे पिवळसर पातळ थर राहतो. सुटे ठिपके होते तेव्हा ते सॉफ्टवेअरमध्ये दोन मिनिटांत पुसता आले असते. थर मात्र फोटोभर पसरतो आणि तो काढायला आणखी तीन-चार स्वॅब लागतात. शिवाय बाजारात मिळणारा सगळाच भंडारा निव्वळ हळदीचा नसतो. त्यात पिठूळ भुकटी आणि कृत्रिम रंग असू शकतो, आणि भिजल्यावर तो कसा वागेल याचा भरवसा नाही. म्हणून कोरडं आधी, ओलं नंतर, आणि ओलं लागलंच तर.

आधी डाग नक्की कशाचे आहेत ते पक्कं करू. एफ ४ ला दिसत नाहीत आणि एफ १६ ला दिसतात, ही खूण सेन्सरवरच्या धुळीचीच आहे. यामागचं कारण समजून घेतलंत तर पुढचे निर्णय सोपे होतील. आपण ज्याला सेन्सर म्हणतो त्याला आपला हात कधीच लागत नाही. त्याच्या पुढे काच असते, अवरक्त किरण अडवणारी फिल्टरची काच, आणि काही कॅमेऱ्यांत तिच्यासोबत लो-पास फिल्टर. धूळ बसते ती या काचेच्या बाहेरच्या पृष्ठभागावर, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या पिक्सेलपासून साधारण एक-दोन मिलिमीटर पुढे. तेवढ्या अंतरामुळे कणाची सावली कधी रेखीव पडते, कधी पुसट.

हिशेब करून पाहा. अंतर २ मिलिमीटर धरा, काचेतलं वक्रीभवन सोडून द्या. एफ १६ ला त्या उंचीवर प्रकाशाचा शंकू सुमारे ०.१२५ मिलिमीटर रुंद असतो. कण ५० मायक्रॉनचा (०.०५ मिलिमीटर) असेल तर तो क्षेत्रफळाने या शंकूचा सहावा हिस्सा झाकतो. म्हणजे ठिपका डोळ्यांना स्पष्ट जाणवेल इतका गडद होतो, आणि २४ मेगापिक्सेलच्या फुलफ्रेम कॅमेऱ्यात, जिथे एक पिक्सेल जेमतेम ६ मायक्रॉनचा असतो, तो तीसेक पिक्सेल रुंद दिसतो. तोच कण एफ २.८ ला सुमारे ०.७ मिलिमीटरच्या शंकूत बसतो आणि अर्धा टक्काही प्रकाश अडवत नाही. कण तिथेच आहे, फक्त त्याची सावली विरून गेली आहे. लग्नाचे आणि पोर्ट्रेटचे फोटो काढणारे वर्षानुवर्षं सेन्सर साफ न करता निभावतात आणि लँडस्केपवाले त्रासलेले असतात, ते यामुळेच.

चाचणी अशी घ्या. अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी, आयएसओ कॅमेऱ्यात असेल तो सर्वांत कमी, एफ १६. लेन्स मॅन्युअल फोकसवर टाकून मुद्दाम फोकस घालवा. समोर निरभ्र आकाश, पांढरी भिंत किंवा लॅपटॉपवर उघडलेलं कोरं पांढरं पान चालेल. एक्स्पोजर एका स्टॉपने, म्हणजे दुप्पट, वाढवा, आणि शटर उघडं असताना कॅमेरा किंचित हलवत राहा. त्याने भिंतीचा पोत पुसला जातो, सेन्सरवरचा डाग मात्र जागच्या जागी राहतो. फोटो संगणकावर घेऊन कॉन्ट्रास्ट भरपूर वाढवा. लाइटरूममध्ये डाग शोधण्याचा काळा-पांढरा देखावा आहे, तोही वापरा. दुसऱ्या लेन्सने पुन्हा एक फोटो काढा. डाग त्याच जागी असले तर सेन्सरवर आहेत. लेन्सच्या पुढच्या काचेवरची धूळ अशी कधीच दिसत नाही, त्यामुळे लेन्स पुसून सेन्सरचे डाग गेल्याचं कोणी सांगितलं तर मनावर घेऊ नका. डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला कॅमेरा, वापरणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं: व्ह्यूफाइंडरमध्ये दिसणारा काळा कण फोटोत येत नसेल तर तो फोकसिंग स्क्रीनवर आहे. तिथे स्वॅब लावायचा नाही, ती स्क्रीन प्लॅस्टिकची असते आणि पटकन ओरखडते.

या चाचणीच्या फोटोत डागांचे आकारही नीट पाहा. गडद, कड असलेला वेडावाकडा ठिपका म्हणजे कोरडा कण. लांबट वळलेली रेघ म्हणजे धागा. मधोमध फिकट आणि भोवती गडद कडं असलेला गोल म्हणजे बहुधा तेलाचा किंवा द्रवाचा थेंब. तो ब्लोअरने, म्हणजे हवा मारायच्या रबरी फुग्याने, जात नाही. असं तेल कॅमेऱ्याच्या आतल्या यंत्रणेतूनही उडू शकतं. निकॉन डी६०० हे त्याचं गाजलेलं उदाहरण. २०१२ मध्ये तो कॅमेरा आला आणि फोटोंच्या एका कोपऱ्यात डाग साचत असल्याच्या तक्रारी जगभरातून सुरू झाल्या. २०१४ मध्ये कंपनीने तपासणी, सफाई आणि शटर बदलून देण्याचं काम मोफत करायचं जाहीर केलं. हे सांगायचं कारण असं, की डाग पुन्हा पुन्हा त्याच भागात येत असतील तर दोष तुमच्या हाताळणीचा नसण्याची शक्यता असते, आणि मग घरी पुसत बसण्यात अर्थ नाही.

डाग कुठे आहे हे शोधताना वरची बाजू खाली होते. कॅमेरा सरळ धरून समोरून सेन्सरकडे पाहिलं तर फोटोतला वरचा-डावा डाग सेन्सरवर खाली-डावीकडे असतो. डावं-उजवं बदलत नाही, फक्त वर-खाली बदलतं. आकाशातले डाग म्हणजे सेन्सरच्या तळाकडचे कण, आणि तळाकडे धूळ जास्त साचणं स्वाभाविक आहे.

आता सफाई. माझ्या मते निम्मी सफाई सेन्सरला हात लावण्याआधीच होते आणि भंडाऱ्याच्या बाबतीत तर हा भाग सर्वांत महत्त्वाचा. लेन्स बसवलेली असतानाच कॅमेऱ्याचं अंग मऊ ब्रशने झटका. डायलच्या खाचा, फ्लॅशचा हॉट शू, लेन्सची झूम रिंग आणि लेन्स-बॉडीमधली फट, या चार जागी हळद दडून बसते. मग घट्ट पिळलेल्या सुती कापडाने पुसा. कॅमेऱ्याचा पट्टा तर सरळ काढून धुवायला टाका. हे न करता लेन्स काढलीत तर सेन्सरवरून चार कण निघतील आणि फटीतले दहा आत जातील. बॅगही उलटी करून झटका आणि व्हॅक्यूम क्लीनर असेल तर तिच्या कप्प्यांतून फिरवा. बॉडी कॅप आणि लेन्सचं मागचं झाकण साबणाने धुऊन पूर्ण वाळवा. लोक हजारोंचे स्वॅब घेतात आणि धुळीने भरलेलं झाकण पुन्हा कॅमेऱ्याला लावतात, हे मला नेहमी बोचतं.

खोली निवडताना पंखा बंद आणि खिडक्या बंद. अर्धा तास आधी फरशी ओल्या फडक्याने पुसून घ्या. लोकरी किंवा धागे सुटणारे कपडे नकोत. बॅटरी पूर्ण भरलेली हवी. मग कॅमेऱ्याच्या मेन्यूतली सेन्सर क्लीनिंगची सोय शोधा. त्यात दोन गोष्टी असतात: एक कंपनाने धूळ झटकणारी आणि दुसरी हाताने साफ करण्यासाठी सेन्सर उघडा ठेवणारी. कंपनाने धूळ झटकण्याची ही सोय ऑलिंपसने २००३ च्या ई-१ मध्ये आणली आणि आज ती बहुतेक कॅमेऱ्यांत आहे. कॅमेरा टेबलावर नेहमीसारखा सरळ उभा ठेवा आणि ती चार-पाच वेळा चालवा. कोरडे, सुटे कण यातही पडतात. चिकटलेले पडत नाहीत.

दुसऱ्या सोयीबद्दल काळजीने वाचा. डीएसएलआरमध्ये आरसा वर उचलून शटरचा पडदा उघडा ठेवायला हीच सोय वापरायची. बल्ब मोडवर, म्हणजे बटण दाबलं असेपर्यंत शटर उघडं राहतं त्या मोडवर, शटर दाबून धरायचं नाही, कारण बोट सुटलं किंवा बॅटरी संपली तर आरसा आणि पडदा तुमच्या स्वॅबवर येऊन आदळतो. मिररलेसमध्ये सेन्सर बहुधा उघडाच असतो, पण कॅननच्या ईओएस आर सारख्या काही कॅमेऱ्यांत बंद केल्यावर पडदा खाली येतो. पडदा खाली असताना ब्लोअर मारू नका, त्याची पाती अतिशय पातळ असतात आणि जागेवरून हलू शकतात. तुमच्या कॅमेऱ्यात सेन्सर स्थिर करणारी यंत्रणा असेल, तर सेन्सर तरंगता असतो आणि दाबल्यावर हलतो. हाताने सफाई करताना कॅमेरा चालू ठेवायचा की बंद, हे प्रत्येक कंपनीचं वेगळं आहे. माहितीपुस्तिकेत ते एका परिच्छेदात लिहिलेलं असतं. तेवढं वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

ब्लोअर मोठा, रबरी आणि आत हवा घेणारी झडप वेगळी असलेला घ्या. आधी तो कॅमेऱ्यापासून दूर तीन-चार वेळा जोरात दाबा, कारण बॅगेतली धूळ त्याच्या पोटातही असते. कॅमेरा तोंड खाली करून धरा, म्हणजे सुटलेला कण खाली पडेल. नळीचं टोक माउंटच्या (लेन्स बसते त्या कड्याच्या) कडेच्या बाहेरच ठेवा, आत घालू नका. आधी माउंटच्या भोवतालच्या भिंतींवर हवा मारा, शेवटी सेन्सरवर. दहा-बारा दाब पुरेत. मग झाकण लावा, लेन्स बसवा आणि चाचणीचा फोटो पुन्हा काढा. संगणक साफ करायच्या दाबलेल्या हवेच्या डब्याला हात लावू नका, त्यातला द्रव काचेवर उडतो. तोंडाने फुंकर तर अजिबात नको. आपल्याला जाणवत नाही पण थुंकीचे कण जातात आणि ते वाळून चिकटतात.

बहुतेक लोकांचं काम इथेच संपतं. तुमचंही संपू शकेल. कुठे थांबायचं हे आधीच ठरवून ठेवा, नाहीतर सफाईला शेवट नसतो. तुम्ही एफ ८ ते एफ ११ ला काम करत असाल आणि त्या अ‍ॅपर्चरला आकाश स्वच्छ येत असेल, तर एफ २२ ला दिसणाऱ्या दोन कणांच्या मागे लागू नका. दर सफाईत थोडा धोका असतो. एका कणासाठी काचेवर दहा वेळा काही घासणं हा चुकीचा सौदा आहे.

ब्लोअरने न गेलेल्या कोरड्या कणांसाठी चिकट टोकाची जेल स्टिक वापरा. भंडाऱ्यासाठी मला हीच सर्वांत योग्य वाटते, कारण ती कण उचलते, विरघळवत नाही. टोक सेन्सरवर हलकेच टेकवायचं आणि सरळ वर उचलायचं. ओढायचं नाही, फिरवायचं नाही. प्रत्येक वेळी टोक सोबत दिलेल्या चिकट कागदावर दाबून स्वच्छ करायचं. कागदावर पिवळे ठिपके उमटले तर तुमचा अंदाज बरोबर होता. सेन्सर पूर्ण कोरडा असेल तरच ही काडी वापरा, तेलाच्या डागावर नाही. आणि घेताना ती तुमच्या कॅमेऱ्याच्या कंपनीसाठी चालते का, ते पाकिटावर वाचून घ्या. काचेवरचं लेपन सगळ्यांचं सारखं नसतं.

आता ओला स्वॅब. ब्लोअर आणि जेल स्टिकनंतर चाचणीच्या फोटोत डाग राहिले, आणि ते आकाराने धुरकट किंवा कड्यासारखे असले, तरच ही वेळ येते. स्वॅबची रुंदी सेन्सरच्या उंचीएवढी हवी. फुलफ्रेमसाठी २४ मिलिमीटर, त्याहून लहान एपीएस-सी सेन्सरसाठी १६. तो सेन्सरच्या लांबीच्या दिशेने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकाच सलग ओढीत न्यायचा. दोन थेंब द्रव पट्टीच्या कडेवर टाका, ते पसरायला काही क्षण द्या. पट्टी ओलसर हवी, निथळणारी नको. जास्त द्रव कडेच्या फटीत शिरतो आणि वाळताना रेघा ठेवतो. दांडी किंचित वाकेल एवढाच दाब.

एरवीची पद्धत अशी असते की एका बाजूने जायचं, स्वॅब उलटा करायचा आणि दुसऱ्या बाजूने परत यायचं. हळदीच्या बाबतीत यात एक बदल करा. पहिली ओढ झाली की स्वॅब उजेडात पाहा. कड पिवळी दिसली तर तो स्वॅब तिथेच टाकून द्या, परतीची ओढ नवीन स्वॅबने घ्या. पिवळी झालेली कड परत फिरवणं म्हणजे रंग पुन्हा काचेवर लावणं. दुसरा स्वॅब स्वच्छ निघाला की थांबा. वाळू द्या, ब्लोअर एकदा फिरवा, चाचणी घ्या. कोपऱ्यात वाळल्याची रेघ दिसली तर कमी द्रवाचा आणखी एक स्वॅब. मिथेनॉल विषारी आणि ज्वालाग्राही आहे, म्हणून हे करताना देवघरात निरांजन किंवा जवळ गॅस चालू नको, मुलं आसपास नकोत, आणि काम झाल्यावर खिडकी उघडा.

चष्म्याचं कापड, कानात घालायच्या कापसाच्या काड्या, लेन्स पुसायचा द्रव, औषधाच्या दुकानातलं स्पिरिट, यातलं काहीही सेन्सरवर चालणार नाही. लेन्सच्या द्रवात साबणासारखं काहीतरी असतं, ते वाळून राहतं. कापसाचे धागे सुटतात.

काढून झालेल्या फोटोंसाठी सेन्सर साफ होण्याची वाट पाहायला नको. डाग सगळ्या फोटोंत एकाच जागी आहेत, त्यामुळे एका फोटोतली दुरुस्ती बाकीच्यांवर उतरवता येते. निकॉन आणि कॅनन या दोघांच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत धुळीचा नकाशा म्हणून एक संदर्भ फोटो काढायची सोय आहे. त्यांचं स्वतःचं सॉफ्टवेअर तो वापरून डाग आपोआप काढतं. उतरवल्यावर प्रत्येक फोटो एकदा डोळ्यांखालून घाला. आकाशात दुरुस्ती बेमालूम बसते, पण तीच एखाद्या भक्ताच्या चेहऱ्यावर आली तर डोळाच बिघडतो.

पुढच्या वेळेसाठी माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे: भंडारा उधळला जातो तिथे लेन्स बदलू नका. गडावर चढण्याआधी ठरवा की आज २४-१०५ नेच काम करायचं. ७०-२०० हवीच असेल तर दुसरी बॉडी आणा, कोणाकडून मागून का होईना. "येळकोट येळकोट जय मल्हार"चा गजर झाला की हवेत पिवळा ढग असतो आणि तो ओसरल्यावरही बारीक भुकटी बराच वेळ तरंगत राहते. आपल्याला हवा स्वच्छ दिसते म्हणून ती स्वच्छ नसते. कॅमेऱ्याला पावसाळी कव्हर घाला. ते नसेल तर जाड प्लॅस्टिकची पिशवी, तिला लेन्स हूडच्या मापाचं भोक आणि वर रबर बँड, एवढ्यानेही भागतं. पुढे यूव्ही फिल्टर लावा. भंडाऱ्याने माखलेली पुढची काच शर्टाने पुसायचा मोह होतो, तेव्हा ओरखडा फिल्टरवर जाऊ दे. झूम करताना पुढे सरकणारी लेन्स हवा आत ओढते, म्हणून भंडारा उडत असताना झूम एका जागी ठेवून स्वतः पुढे-मागे व्हा, गर्दीत शक्य होईल तेवढं. पट्टणकोडोलीच्या यात्रेला जाणाऱ्यांनाही हेच सांगेन. गुलाल आणि रंगपंचमीच्या रंगांनाही हाच नियम लावा.

लेन्स बदलणं टळतच नसेल तर गर्दीबाहेर, एखाद्या घरात किंवा बंद गाडीत या. हात आणि कपडे झटका, कॅमेरा बंद करा, तोंड खाली करा, दुसऱ्या लेन्सचं मागचं झाकण आधी सैल करून ठेवा.

पावसाळ्यात आणि कोकणात राहणाऱ्यांचा शत्रू धूळ नसून दमट हवा. तिथे कॅमेरा ४० ते ५० टक्के आर्द्रतेत, ड्राय कॅबिनेटमध्ये किंवा हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवावा. बुरशी हा वेगळाच विषय आहे, त्यात इथे शिरत नाही.

सर्व्हिस सेंटरकडे कधी जायचं? दोन स्वॅबनंतरही पिवळसर थर राहिला, काचेवर ओरखडा दिसला, तेलाचे गोल परत परत येऊ लागले, किंवा पडद्याच्या पात्यांवर भुकटी दिसली तर. पडद्याला घरी हात लावायचा नाही. आणि वॉरंटी चालू असेल, हात थरथरत असेल किंवा मनात धास्ती असेल, तर ब्लोअरनंतर थेट तिकडेच जा, त्यात कमीपणा नाही. देताना चाचणीचा एफ १६ चा फोटो सोबत द्या आणि हळद गेली असल्याचं स्पष्ट सांगा, म्हणजे तेही आधी कोरडी सफाई करतील. कॅमेरा परत घेताना तिथेच, काउंटरवर, भिंतीचा एफ १६ ला फोटो काढून मोठा करून पाहा, आणि डाग असला तर तेव्हाच दाखवा.